बियांसकट

"एकही तोंडात टाकायची नाही हं," आत्याबाई म्हणाल्या. "खाली पडली तर धुऊन परातीत टाक. पण तोंडात नाही."

आमच्या दोघींच्या मध्ये परात होती आणि परातीत रात्रभर भिजून टरारलेल्या काळ्या मनुका. एकेक मनुका उचलायची, अंगठ्याच्या नखाने फोडायची, आतल्या दोन-तीन बिया वाटीत टाकायच्या आणि गर पातेल्यात. मग तो गर पाट्यावर वाटायचा, पाणी घालून उकळायचा, दोनदा फडक्यातून गाळायचा. हे सगळं दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनासाठी. नेवाशाजवळच्या आमच्या त्या खेड्यात द्राक्षरसाची बाटली कुठून येणार? महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात भाकरीचं आणि रसाचं मेज मांडलं जायचं, आणि त्यावरचा रस तीस-पस्तीस वर्षं राहेलबाईंच्या चुलीवर होत आला होता. राहेलबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणे.

"मग गोड झालाय की नाही ते कसं कळतं?" मी विचारलं.

"रंगावरून."

"तरी पण, एकदा जिभेवर थेंबभर—"

"तबिता."

त्या नुसतं नाव घेऊन थांबायच्या. पुढचं आपलं आपण समजून घ्यायचं. पण मला समजून घेण्यापेक्षा विचारून घेण्याची सवय. माझी आई म्हणायची, हिला शिळ्या भाकरीवाचून चालेल, पण शेजारच्या घरात काय शिजलं ते कळल्यावाचून चालणार नाही. जालन्याकडची मी, मे महिन्यात लग्न होऊन इथे आले, तेव्हा एकोणीस वर्षांची होते. साल त्रेसष्ट. आज ऐंशी उलटलीत, माणसांची नावं विसरते, पण त्या परातीतल्या मनुकांचा वास अजून नाकात आहे.

आत्याबाई एवढं सगळं करत, आणि स्वतः मात्र प्रभुभोजनाच्या पेल्याला ओठ लावत नसत. जून महिन्यात पहिल्यांदा माझ्या ते लक्षात आलं. पाळकसाहेब बसने येत, उपदेश होई, गाणं होई. मग ते मेजावरचं पांढरं फडकं उचलत, आणि त्याच वेळी आत्याबाई बायकांच्या रांगेतून उठून बाजूच्या दाराने बाहेर जात. खिडकीतून दिसे, देवळामागच्या निंबाखाली दगडावर बसलेल्या, हात मांडीवर. सगळ्यांचं घेऊन झालं की आत येत, पेला धुवायला नेत, उरलासुरला रस निंबाच्या बुडाशी ओतत, पेला पुसून कपाटात ठेवत आणि कपाटाची किल्ली परत कमरेला खोचत. कोणी वळूनही बघत नसे. गावाला त्याची इतकी सवय झाली होती की जणू तोही उपासनेचा एक भाग.

मी नवऱ्याला विचारलं. ते श्रीरामपूरला शाळेत शिकवायचे, पंधरा दिवसांनी घरी यायचे. म्हणाले, "आमच्या घरात ते विचारत नाहीत."

म्हणून मामंजींना विचारलं. शांतवन मास्तर, माझे सासरे, पंचाहत्तरीचे, उजव्या डोळ्याने तिरळे आणि स्वभावाने सरळ. ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"मामंजी, आत्याबाई पेला का घेत नाहीत?"

"तिला विचार."

"विचारलं. त्या 'तबिता' म्हणाल्या."

ते हसले. चष्मा काढून पुसला. "आपल्या मंडळीत काय सांगतात? कोणाविषयी मनात काही असेल तर पेल्याला हात लावू नये. लोक शनिवारी तयारीच्या उपासनेनंतर दारात एकमेकांना सलाम करतात, वरवर का होईना मिटवतात आणि रविवारी घेतात. तिला ते वरवरचं जमत नाही. झालं."

"पण कोणाविषयी?"

"माझ्याविषयी नाही, एवढं माझं नशीब." मग हसू थांबवून म्हणाले, "पोरी, एक ध्यानात ठेव. तो रस करणं हा तिचा देवळाशी उरलेला एकच धागा आहे. तो तुटला तर ती त्या दारात परत पाऊल टाकायची नाही. मी ओळखतो तिला."

मी मान हलवली. पण डोक्यात राहिलं ते 'कोणाविषयी' एवढंच.

ते कळायला फार दिवस लागले नाहीत. ऑक्टोबर संपता संपता एका गुरुवारी आम्ही दोघी आडावर पाणी भरत होतो. एसटी थांबली आणि तिच्यातून एक ट्रंक, एक वळकटी आणि पांढरं पातळ नेसलेली, ताठ पाठीची एक म्हातारी उतरली. बायका कुजबुजल्या, "लुदिया आली. सिस्टरबाई. आता कायमची आली म्हणे, भावाकडे." आत्याबाईंनी भरलेली घागर तशीच आडाच्या कठड्यावर ठेवली आणि रिकाम्या हाताने घरी गेल्या. मी दोन खेपांत दोन्ही घागरी नेल्या. घरी त्या चुलीपुढे बसलेल्या होत्या, आणि चूल पेटवलेली नव्हती.

लुदियाबाई त्याच गावच्या. नर्सचं शिक्षण घेऊन मोठ्या दवाखान्यांत चाळीस वर्षं काढलेली बाई. सुट्टीला भावाकडे यायच्या, पण रविवार धरून कधी राहिल्या नव्हत्या. आडावरच्या बायकांना एवढंच ठाऊक होतं की राहेल आणि लुदिया एका बोर्डिंगात होत्या, एका चटईवर झोपायच्या, आणि मग काहीतरी झालं. काय झालं ते कोणालाच माहीत नव्हतं. आता मला झोप कशी लागावी?

तर त्या शनिवारी आम्ही मनुका निवडत होतो. निम्म्याही झाल्या नसतील, तोच आत्याबाई उठल्या. "मेज पुसायचंय, पेला चिंचेनं घासायचाय. मी देवळात जाते. तू बिया काढ, एकूण एक. मग वाट, उकळ. गाळताना घाई करू नको."

"पहिल्यांदाच करतेय मी, आत्याबाई. तुम्ही नंतर बघाल ना?"

"मी फक्त रंग बघेन," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी दहा-पंधरा मनुका फोडल्या. बाहेर बघितलं. ऊन अजून वर होतं. तयारीच्या उपासनेला दोन तास होते आणि लुदियाबाईंचं घर पाच मिनिटांवर. परातीकडे बघितलं, तर परात काही सरत नव्हती. आणि माझ्या डोक्यात एक शहाणा विचार आला. रस शेवटी गाळायचाच आहे. फडक्यात बिया अडकणारच आहेत. मग आधी वेचायच्या कशाला? आमच्या आधीच्या बायकांना एवढं साधं सुचलं कसं नाही याचं मला नवल वाटलं. उरलेल्या सगळ्या मनुका मी बियांसकट पाट्यावर घेतल्या आणि वरवंट्याखाली अशा चिरडल्या की बघत राहावं. भरपूर उकळलं, दोन वेळा गाळलं. रंग तर असा उतरला होता, गर्द जांभळा, काळपट. नेहमीपेक्षा देखणा. बरणीत भरून वर बशी झाकली, हात धुतले आणि पदर सावरत निघाले.

लुदियाबाई ओसरीवर बसून जुन्या चादरींच्या घड्या घालत होत्या. इतक्या चौकोनी घड्या की कोपऱ्यावर कोपरा.

"सलाम, सिस्टरबाई. मी तबिता. शांतवन मास्तरांची धाकटी सून."

"राहेलची सून." त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "तिनं पाठवलं?"

"नाही. आपली अशीच आले."

"अशीच कोणी येत नाही. बस. चहा पिशील?"

चहा आला. मी काय विचारावं, कुठून सुरुवात करावी हे ठरवत होते, तर त्यांनीच विचारायला सुरुवात केली. राहेलला मुलं किती? शिकली का? गुडघे दुखतात का? अजून तोंडावर पदर घेऊनच झोपते का? मी उत्तरं देत राहिले. चौकशीत माझी गुरू भेटली मला.

मग त्या थांबल्या. बशीतला चहा तसाच राहिला. "आणि आकडी? आकडी किती वेळा येते तिला?"

"कोणाला? आत्याबाईंना? कसली आकडी?"

"झटके गं. हातपाय वाकडे होतात, दातखीळ बसते."

"छे! मी तरी कधी पाहिलं नाही. मामंजी किंवा हेसुद्धा कधी बोलले नाहीत."

"कधीच नाही?"

"त्यांना साधा तापसुद्धा येत नाही, सिस्टरबाई."

लुदियाबाईंनी बशी खाली ठेवली. चादरीची एक घडी उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाल्या, "जा पोरी आता. उपासनेची वेळ झाली."

काय विचारायला गेले होते आणि काय घेऊन परत आले! वाटेत मी नवं कोडं चघळत होते. घरी आत्याबाईंनी बशी उचलून बरणीत डोकावून बघितलं. "रंग बरा आलाय," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच. मी खूष झाले.

रविवारी देऊळ भरलं होतं. लुदियाबाई पुढून दुसऱ्या रांगेत, आत्याबाई मागून तिसऱ्या. मध्ये सगळं गाव. पाळक हिवाळेसाहेबांनी फडकं उचललं, तशा आत्याबाई उठल्या आणि बाजूच्या दाराने गेल्या. लुदियाबाईंनी मान वळवून ते दार बंद होताना पाहिलं. त्यांना त्याची सवय नव्हती.

आमच्याकडे पेला एकच, सगळ्यांचा मिळून. पाळकसाहेब आधी स्वतः घेत. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटले असं मला वाटलं. मग लोक कठड्यापाशी गुडघे टेकू लागले. लेवी पाटोळे, मंडळीतले थोरले पंच, त्यांनी घोट घेतला आणि त्यांच्या मिशा एका बाजूला गेल्या. त्यांच्या शेजारचा म्हातारा खोकला. एक बाई पदराने तोंड पुसू लागली ती पुसतच राहिली. कोणी काही बोललं नाही. कसं बोलणार? समोर प्रभूचं मेज.

माझी पाळी आली. आणि त्या एका घोटात मला सगळं कळलं. तोंड असं आवळलं जसं कच्च्या बिब्ब्याचं बोंड चावावं. जीभ टाळूला चिकटली, घशाखाली कडसर काहीतरी उतरत गेलं ते उतरतच राहिलं. बिया. उकळल्या होत्या ना मी त्या, चांगल्या चिरडून. आमच्या आधीच्या बायकांना सगळं सुचलेलं होतं.

कठड्यापाशी लुदियाबाई माझ्याच रांगेत, शेवटी. त्यांनी पेला घेतला, प्यायल्या, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नर्स होत्या.

उपासना संपली आणि माणसं निंबाखाली जमली. मी देवळामागच्या खोलीत भांडी आणत होते, तर खिडकीतून ऐकू येऊ लागलं.

"आजवर कधी असं झालं न्हाई," लेवीभाऊंचा आवाज. "नेमकी लुदिया आली अन् रस असा झाला. काय म्हणायचं याला?"

"राहेलबाई असं करतील?" कोणीतरी म्हणालं.

"मनात एवढ्या वर्षांची अढी. म्या काय म्हणतो, मुद्दाम केलं नसंल कशावरून? साऱ्या मंडळीला पाजलं पण! बस एकची हाये पाळकसायबांची. त्याच्या आत हे मिटवू."

मी पेला उचलला आणि खिडकीपासून भिंतीशी सरकले.

पाचच मिनिटांत त्या लहान खोलीत पाळकसाहेब, लेवीभाऊ, मामंजी आणि आत्याबाई. मी भिंतीशी, हातात पेला. दारापाशी चार बायका माना उंचावून.

"राहेलबाई," लेवीभाऊ म्हणाले, "रस तुमच्या घरचा ना?"

"हो."

"चाखला हुता?"

"मी चाखत नाही. ते तुम्हाला माहीत आहे."

"मग ते एवढं कडवट कशानं झालं?"

आत्याबाईंना त्या क्षणापर्यंत काहीच माहीत नव्हतं. त्या खोलीतल्या मेजाकडे गेल्या, बरणी तिरकी केली, तळाशी बसलेल्या गाळात बोट बुडवलं आणि ते अंगठ्यावर चोळलं. रवाळ काहीतरी लागलं असणार. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. एकदाच, डोळ्याची पापणी लवायला लागेल तेवढा वेळ. मला वाटलं, आता नाव घेतील. 'तबिता' म्हणतील आणि थांबतील.

त्या म्हणाल्या, "रस माझ्या घरून आला. जे झालं ते माझ्याकडून झालं."

"मुद्दाम केलं का, एवढं सांगा."

"लेवीभाऊ, तुम्हाला जे वाटतंय ते वाटू द्या."

"मग पुढल्या महिन्यापासून ते काम माझी सून करंल. पाळकसायेब, तुमचं काय?"

पाळकसाहेब काहीतरी बोलू पाहत होते. पण आत्याबाईंनी तोवर कमरेची किल्ली काढली होती. पेल्याच्या कपाटाची ती लहानशी पितळी किल्ली त्यांनी मेजावर ठेवली. मी मामंजींकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता आणि त्या किल्लीकडे बघत होते. धागा. मला बोलायचं होतं. देवाशपथ सांगते, मला बोलायचं होतं, पण जीभ अजून टाळूला चिकटलेली होती, आणि ती रसामुळे नव्हे.

"किल्ली उचल, राहेल."

दारातल्या बायका बाजूला झाल्या. लुदियाबाई आत आल्या.

आत्याबाईंनी वळून बघितलं नाही.

"लेवी, तू माझ्यापेक्षा लहान आहेस म्हणून अरेतुरे करते," लुदियाबाई म्हणाल्या. "जरा डोकं चालव. ही बाई मनात राग आहे म्हणून पेल्याला शिवत नाही. आज त्या दाराने जाताना मी पाहिलं आणि बायकांना विचारलं. म्हणाल्या, लग्न होऊन आली तेव्हापासून असंच. चाळीस वर्षं. एवढी जी पेल्याला भिते, ती त्याच पेल्यात काही कालवेल?"

लेवीभाऊंनी नजर बरणीकडे वळवली.

"आणि तो राग माझ्यावर आहे. कशाचा ते हिनं कोणाला सांगितलेलं दिसत नाही. मी सांगते."

"लुदिया, नको," आत्याबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून त्या नावाची ती पहिलीच हाक असावी.

"सांगू दे. आम्ही दोघी बोर्डिंगात शेवटच्या वर्षाला होतो. नर्सच्या शिक्षणाला एकच मुलगी पाठवायची होती आणि बोर्डिंगच्या मडमसाहेबांनी हिची निवड केली. हुशार होती, हात हलका होता. हिला लहानपणी दोनदा आकडी आली होती. ते फक्त मला माहीत होतं. एकदा पावसात अंथरूण भिजलं तेव्हा रात्रभर कोपऱ्यात बसून हिनं सांगितलं होतं. मी मडमला ते सांगितलं. हिचं जाणं रद्द झालं आणि माझं नाव लागलं. आकडीची मुलगी म्हणून बोभाटा झाला तो वेगळाच. चांगलं स्थळ येईना. शेवटी..." त्या मामंजींकडे बघून थांबल्या.

"शेवटी तिरळा बिजवर मिळाला," मामंजी म्हणाले. "पुढं बोला, सिस्टर."

"स्वतःला मी सांगत आले, मडमनं विचारलं म्हणून खरं ते बोलले. खोटं थोडंच सांगितलं होतं? रोग्याच्या खाटेपाशी नर्सलाच आकडी आली तर? असं चाळीस वर्षं मनाशी म्हणत होते." लुदियाबाईंचा आवाज तोवर ठाम होता. आता जरा खाली आला. "मला कोणी विचारलं नव्हतं, राहेल. मी आपणहून गेले होते. मडम बागेत गुलाबांना पाणी घालत होती, तिथे जाऊन सांगितलं. आणि त्यानंतर दर महिन्याला पेला घेत आले. तू बाहेर बसत होतीस आणि मी घेत होते."

बाहेर निंबावर कावळा ओरडत होता. मला कळेना माझे गाल ओले कधी झाले.

"बिया मी काढल्या नाहीत," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की दारातल्या बायका दचकल्या. "रस मी केला. बियांसकट वाटला. गाळताना निघतील असं वाटलं मला. आत्याबाईंना माहीत नव्हतं. त्यांना आत्ता कळलं, बरणीत बोट घातलं तेव्हा, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

"अगं पण का?" पाळकसाहेबांनी विचारलं. "बिया का नाही काढल्या?"

"सिस्टरबाईंकडे जायची घाई होती."

"कशासाठी?"

"दोघींचं भांडण कशावरून ते विचारायला."

आधी मामंजी हसले. मग पाळकसाहेब तोंडावर हात धरून हसले, पण तो हात काही हसू लपवू शकला नाही. लेवीभाऊंना मात्र हसू येईना. आधीच ते खोटे पडले होते. ते माझ्यावर उखडले. "अशा पोरीला मेजाच्या कामाला हात लावू दिलाच कसा? हिला आधी मंडळीपुढं उभी करा. सगळ्यांची माफी मागू द्या. काय लाज हाये का न्हाई?"

"लेवीभाऊ." आत्याबाई माझ्या पुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "एकोणीस वर्षांची पोर आहे. चुकली. ह्या वयात काय एवढं कळतं, आपण काय करतो आणि त्याचं पुढे काय..."

त्या तिथे थांबल्या.

मग त्या हळूच वळल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा लुदियाबाईंकडे समोरासमोर बघितलं. पांढरे केस, पांढरं पातळ, ताठ पाठ. कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्या म्हातारीच्या मागे कोणीतरी उभं आहे आणि ते नीट दिसत नाही, अशा नजरेने.

"तू किती वर्षांची होतीस गं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"सतरा," लुदियाबाई म्हणाल्या. "तुझ्याहून दोन महिन्यांनी धाकटी."

"हो. दोन महिन्यांनी." आत्याबाई मेजाच्या कडेला धरून उभ्या होत्या. "मडमच्या बागेत जायला भीती नाही वाटली? तिचा तो कुत्रा होता ना."

"वाटली. चावला मला तो." लुदियाबाईंनी पातळ घोट्यावरून जरा वर उचललं. "हा बघ. अजून आहे वण."

आत्याबाईंनी वाकून बघितलं. खरंच बघितलं, बोट लावून. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. पुढे हसल्या की रडल्या ते मला आजही सांगता येणार नाही. दोघी एकमेकींच्या गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. एवढंच झालं की वाकलेल्या आत्याबाईंना उठताना गुडघ्यात कळ आली आणि लुदियाबाईंनी दंडाला धरून वर उचललं. नर्सच ती. धरायचं कसं ते ठाऊक होतं. आणि मग तो हात तिथेच राहिला.

आत्याबाईंनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले. "पाळकसाहेब, तुमची बस एकची ना?"

"हो."

"म्हणजे अजून वेळ आहे."

पाळकसाहेबांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला. बरणीत तळाशी थोडा रस उरला होता, तो ओतला. मेजावर पोळीचा तुकडा होता. आत्याबाई देवळात गेल्या, रिकाम्या देवळात, आणि कठड्यापाशी गुडघे टेकले. शेजारी लुदियाबाईंनी टेकले. मामंजी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी मान खाली घातली. लेवीभाऊ दारात उभे होते, त्यांनी टोपी काढली.

पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. भाकर दिली. पेला दिला. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी धरून एक मोठा घोट घेतला, चाळीस वर्षांची तहान असावी तसा. तो तळाचा रस, सगळ्यात कडू, सगळा गाळ त्यात आलेला.

त्यांनी तो गिळला. डोळे मिटून राहिल्या. मग उठल्या, माझ्याजवळून जाताना थांबल्या आणि कानाशी हळूच म्हणाल्या, "अगं बाई! हे पाजलंस तू लोकांना?"

किल्ली त्यांनी परत कमरेला खोचली.

घरी जाताना मी मागे मागे चालत होते. मनात एक प्रश्न वळवळत होता आणि विचारण्याची हिंमत नव्हती. तरी विचारलाच. "आत्याबाई, इतकी वर्षं तुम्ही निंबाखाली बसून काय करायचा?"

मला वाटलं, 'तबिता' म्हणतील. पण चालता चालता त्या म्हणाल्या, "दर महिन्याला तिला माफ करायचे गं. तिथं बसून, अगदी मनापासून. आणि घराच्या पायरीपर्यंत येईतो परत घ्यायचे."

पायरी आली. त्या पायरीवर जरा थांबल्या, पायाखाली काही आहे का बघावं तशा. मग आत गेल्या आणि चूल पेटवली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी लुदियाबाई आमच्या ओट्यावर आल्या. मध्ये परात, तिच्याभोवती आम्ही तिघी. लुदियाबाई बिया काढत होत्या त्याही अशा नीटनेटक्या, जणू जखम साफ करताहेत. आत्याबाईंना ते हळू वाटत होतं.

"ह्या वेगानं नाताळ उजाडेल," त्या म्हणाल्या.

"आणि तुझ्या वेगानं बिया राहतील. मागच्या वेळचं लक्षात आहे माझ्या. दोन दिवस दात आंबले होते."

"मग तोंड का नाही वाकडं केलंस?"

"तू केलेला होता असं वाटलं मला," लुदियाबाई म्हणाल्या. "म्हटलं, माझ्या वाट्याचा आहे, पिऊन टाकावा."

आत्याबाईंनी परातीतली एक मनुका उचलली, नखाने फोडली, बिया काढून वाटीत टाकल्या. गर पातेल्यात टाकणार, तो हात मध्येच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लुदियाबाईंकडे बघितलं, आणि ती मनुका तोंडात टाकली. चावत राहिल्या.

"गोड आहे का?" मी विचारलं.

"तबिता," त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी थांबल्या नाहीत. "तूही घे एक."